दोरीचं दुसरं टोक

दोरीचं एक टोक निकेसिप्पोसच्या हातात,
दुसरं माझ्या.
तो ओरडायचा, "ताण!"
मी ताणायचो.
लीदियातून विकत आणलेला, म्हणून लीदोस म्हणायचे मला;
आईने ठेवलेलं नाव जहाजातच सांडलं कुठेतरी.

नावा लागल्या तेव्हा इथे काय होतं?
ओव्याच्या वासाचं खुरटं रान,
दोन झरे, एक कातळ.
तिमारेते आधी उतरली, पोटाशी मडकं धरून.
आत मातृनगरीच्या चुलीतले निखारे,
सतरा रात्री उठून उठून फुंकलेले.
एकही विझला नाही म्हणाली.
एक विझला होता. मी पाहिलं होतं.
तिने दुसऱ्यावरून तो पेटवून घेतला.

कातळ देवांना गेला, त्यावर कोणी भांडलं नाही.
उंच जागा त्यांची,
पाणी वर न्यायचं काम आमचं.

मग खाली, सपाटीला, आमची दोरी सुरू झाली.
चार रुंद रस्ते, समुद्राकडून डोंगराकडे,
आणि त्यांना कापत जाणारे बोळ,
दोन गाढवं समोरासमोर आली तर एकाने मागे सरावं एवढेच.
सगळ्यांना सारखी जागा, असा ठराव झाला होता.
राजवाडा नको, धनवानाला कोपरा जास्त नको.
शिरस्त्राणात खापऱ्या खुळखुळवून
ज्याच्या नावाची जी निघेल ती.
पण दोरी तागाची.
पहाटेच्या दवात ती आखडायची,
उन्हात पुन्हा सैल.
म्हणून सकाळी आखलेली घरं
दुपारच्या घरांहून आजही बोटभर लहान आहेत.
हे दोघांनाच ठाऊक होतं.

मधोमध त्याने काहीच आखलं नाही.
"एवढी काळीभोर जमीन, आणि ओसाड ठेवायची?"
गोर्गोस चिडला, त्याला तिथे द्राक्षं लावायची होती.
"राहू दे," एवढंच म्हणाला निकेसिप्पोस.
पहिल्या वर्षी त्या चव्हाट्यावर नुसते काटे आले.
मग कांदेवाली आली,
मग मासे, तराजू, खोटी मापं,
मापांची तक्रार ऐकायला माणसं,
त्या माणसांना बसायला दगडी पायऱ्या,
आणि सावलीसाठी खांबांची लांबच लांब ओसरी.
आता तिथे एवढं बोलतात
की कबुतरंसुद्धा कातळावर राहायला गेली.

वेशीबाहेर, रस्त्याच्या दोन्ही अंगांना,
थडग्यांसाठी पट्टा मोजताना आम्ही हसत होतो.
त्याच हिवाळ्यात पहिला तोच गेला.
त्याची जागा मी एकट्याने मोजली,
दुसरं टोक धोंड्याला बांधून.
"ताण" म्हणायला कोणी नव्हतं.
मी ताणलं.

दोरी अजून आहे. शहराच्या मालकीची, माझ्यासारखी.
सभेच्या सकाळी ती गेरूत बुडवायची.
एक टोक मी धरतो,
दुसरं पाफ्लागोनियाचा एक पोरगा,
आणि चव्हाट्यावर रेंगाळणाऱ्या नागरिकांना
आम्ही मेंढरांसारखं हाकत नेतो,
चला, चला, मत द्यायला चला.
ज्याच्या वस्त्राला लाल डाग लागला त्याला दंड.
परवा गोर्गोसच्या नातवाला लागला,
मासा हातात, शिव्या तोंडात, पळत आत शिरला.
ते आत गेले की दार लागतं.
आम्ही बाहेर दोरी गुंडाळतो.

हात धुवायला झऱ्यावर जातो.
तिथे बायका घागरी लावून उभ्या असतात.
तिमारेतेची नात विचारते,
"आज कशावर चाललंय?"
"तटबंदी वाढवायची म्हणे."
"कुणीकडे?"
मी बोट दाखवतो. तिकडे तिचं घर आहे.
ती काही बोलत नाही,
घागर भरून सांडेपर्यंत तशीच उभी राहते.

माझे तळवे लालच.
मला कोण दंड करणार?

माझ्या खोपटाची जागा कोणी आखली नाही.
तटाला टेकून जेवढी उरली तेवढी.
उशाला दोरी घेतो.
रात्री दव पडतं,
आणि मानेखाली ती हळूहळू आखडत जाते,
बोटभर.